न चाखलेला कोफ्ता

कोफ्ता ताटलीत गार होत होता आणि आम्ही दोघी त्याच्याकडं बघत बसलो होतो. दुपारचे साडेतीन वाजले होते. साडेपाचला ऑर्डर घराबाहेर पडायला पाहिजे होती. साठ कोफ्त्यांचा खिमा परातीत तयार होता, तेल तापलेलं होतं, आणि तळलेला पहिला कोफ्ता खाऊन बघायला घरात कुणी नव्हतं. नूरआपांचा रोजा होता. माझी एकादशी होती.

"रंग चांगला आलाय," आपा म्हणाल्या.

"व्हय," मी म्हटलं.

"वास पण बरोबर आहे."

"व्हय."

मी तो बोटानं दाबून बघितला. मऊ लागला. मग मी बाकीचे वळायला घेतले. चूक तिथंच झाली. खरं तर त्याच्या दोन तास आधीच झाली होती, पण तिथं ती पकडता आली असती.

माझं नाव कौसाबाई. शिक्षण चौथी. शहागंजच्या मागच्या गल्लीत नूरआपांच्या घरी मी तीस वर्षं कोफ्ते वळते. राहायला पडेगावला. हॉटेल नाही, दुकान नाही, आपांचं घरातलंच स्वयंपाकघर आहे. लोक लग्नाला, दावतीला, रमजानमधे इफ्तारीला ऑर्डर देतात. कोफ्ता म्हणजे खिम्याचा मसाला घातलेला गोळा, लिंबाएवढा, सालनात म्हणजे रश्श्यात शिजवलेला. नवरा गेल्यावर मी आपांकडं भांडी घासायला आले होते. चौथ्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुझा तळवा थंड आहे. भांडी नक्को घासू, कोफ्ते वळ." गरम तळव्यात खिम्यातली चरबी विरघळते आणि गोळा कोरडा होतो. माझ्या हातात तसं होत नाही. एवढ्यावर तीस वर्षं निघाली.

पडेगावच्या बायका सुरुवातीला विचारायच्या, "काय गं कौसा, एकादशीला पण मटणात हात घालती?"

मी सांगायचे, "हात कामाचा हाय. तोंड माझं हाय. तोंडात नाय घालत."

एकादशी माझ्या आईनं धरलेली, मग मी धरली. का, ते मी आईला विचारलं नाही. चुकवली मात्र कधी नाही.

आता सॅम्पलचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कच्चा खिमा चाखता येत नाही. म्हणून सगळे वळायच्या आधी एक कोफ्ता तळायचा, दहा मिनिटं गार होऊ द्यायचा आणि चावून खायचा. त्याला आम्ही सॅम्पल म्हणतो. गार का होऊ द्यायचा? गरम कोफ्ता सगळाच मऊ लागतो. बोटानं दाबून काही कळत नाही. तो गार झाल्यावर दाताखाली कसा मोडतो, ते खरं. मीठ जिभेच्या टोकाला लावून थुंकता येतं, चूळ भरता येते. आपा रमजानमधे मीठ तसंच बघतात, त्यानं रोजा मोडत नाही असं त्या सांगतात. पण मऊपणा थुंकून कळत नाही. चावावं लागतं, गिळावं लागतं.

अकरा महिने सॅम्पल आपा खायच्या. रमजानचा महिना माझा. आणि रमजानमधे एकादशी आली, की सॅम्पल आपांच्या सासूकडं जायचं. त्यांना आम्ही दादीअम्मा म्हणायचो. नव्वदीच्या पुढं गेलेल्या. त्यांना वयामुळं रोजे नव्हते, आणि तोंडात दात नव्हते. पलंगावर बसून त्या हिरड्यांनी कोफ्ता मोडायच्या. मोडला तर हात वर करायच्या. नाही मोडला तर ताटली ढकलायच्या आणि म्हणायच्या, "पत्थर है. मुर्गियोंकू डाल." तीस वर्षांत दोनदा ढकलली असेल. दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.

मी सांगते आहे त्या दिवसाच्या आधीच्या थंडीत दादीअम्मा गेल्या. त्यानंतरचा हा पहिला रमजान, आणि त्यातली ही पहिली एकादशी.

ऑर्डर नाहिदा नावाच्या बाईंची होती. बँकेत नोकरीला, वडिलांना सांभाळून राहिलेली. वडील निवृत्त मास्तर. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी गणित शिकवलेलं. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, दिला, त्यात तोंडातली लाळ सुकली आणि दातही काढावे लागले. एक वाटी संपवायला त्यांना तासभर लागायचा. तोंडातून सांडायचं. म्हणून ते वर्षभर दार लावून एकटे जेवत होते. पोरीसमोरसुद्धा नाही.

नाहिदा ऑर्डर द्यायला आली तेव्हा उभ्यानंच बोलली.

"आपा, अब्बांचे जुने सोबती आहेत, शाळेतले. आठ जण. त्यांना इफ्तारीला बोलवू का, म्हणून मी रोज विचारत होते. रोज नाही म्हणायचे. परवा म्हणाले, नूरआपाचे कोफ्ते असतील तर बसेन."

"बसतील?"

"स्वतः म्हणाले. पण मऊ पाहिजेत, आपा. नेहमीपेक्षा मऊ. जिभेनं मोडले पाहिजेत."

"जिभेनं मोडतील," आपा म्हणाल्या. "तू दस्तरखान अंथर."

ती गेल्यावर आपा मला म्हणाल्या, "कौसा, ही ऑर्डर साठची नाही. एका माणसाची आहे. बाकीचे काही पण खातील."

आता त्या दिवसाचं.

आपांना साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी रोजे ठेवू नका म्हणून बजावलं होतं. आपा डॉक्टरांना हो म्हणाल्या आणि घरी येऊन रोजे धरले. त्या दिवशी दुपारी बाराला त्यांना गरगरायला लागलं आणि त्या आतल्या खोलीत जाऊन पडल्या. मी म्हटलं, "आपा, सोडा रोजा. देव बघतोय तुमची तब्येत."

"तू तुझी एकादशी सोड, मी रोजा सोडते."

आमच्यात हे बोलणं दर वर्षी होतं आणि इथंच थांबतं.

एरवी मटणाचे तुकडे घरी येतात. मी ते आख्खे असताना धुते, फडक्यावर अर्धा तास निथळू देते, मग आपा चरबीचा वाटा बघून देतात आणि आम्ही घरच्या मशीनवर दोनदा खिमा काढतो. चार वाटे मटण, एक वाटा चरबी. चरबी कमी केली, की कोफ्ता भुशासारखा कोरडा लागतो. त्या दिवशी आपा पडून होत्या, मशीन मला एकटीला फिरवायला जड जातं, म्हणून मी मटणवाल्याला फोन करून सांगितलं, खिमा करूनच पाठव.

पिशवी उघडली आणि मला कसंतरी झालं. सकाळपासून पोटात एक कप चहा होता. मटणवाल्याचं मशीन दिवसभर चालू असतं, आधी त्यात काय निघालं ते त्याला ठाऊक. आमच्याकडं मटण धुतल्याशिवाय भांड्यात टाकायची रीत नाही. लहानपणापासून तेच बघितलेलं. मी खिमा चाळणीत घेतला आणि नळाखाली धरला. एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. मग फडक्यात घालून पिळला.

खिमा धुवायचा नसतो, हे मला माहीत होतं. आपांनी पहिल्याच वर्षी शिकवलेलं. तुकडा धुतला तर पाणी वरून निघून जातं. खिमा धुतला तर पाणी आत बसतं आणि चरबी वाहून जाते. ते मला तीस वर्षं माहीत होतं आणि तरी मी धुतला. उपासाच्या दिवशी रक्ताचे हात नको वाटले, एवढंच कारण.

मग पुढचं सगळं त्या पाण्यापायी. खिम्यात मी तळून चुरलेला कांदा घातला, खसखस वाटून घातली, आलं-लसूण, गरम मसाला, पुदिना. कच्चा कांदा आम्ही घालत नाही, त्याला पाणी सुटतं. एक गोळा वळून बघितला. हातातच पसरला. फुटाण्याचं पीठ बांधायला लागतं, एवढ्या खिम्याला एक मूठ. मी एक मूठ घातली. नाही बांधला. दुसरी घातली. थोडा बांधला, तेलात सोडला तर फुटला असता. तिसरी घातली आणि कणकेसारखं मळलं. कोफ्त्याचा खिमा मळायचा नसतो, बोटांनी नुसता एकत्र करायचा असतो. मळला की त्याला चिवटपणा येतो. मी चांगला दहा मिनिटं मळला. आता गोळा छान बसला. गुळगुळीत, एक चीर नाही. दिसायला तीस वर्षांतला सगळ्यात देखणा.

आपा भिंतीला धरून बाहेर आल्या. परातीत बघितलं. बोटानं खिमा उचलला, जिभेच्या टोकाला लावला, थुंकल्या, चूळ भरली.

"मीठ बरोबर आहे. खिम्याला पाणी तर नाही लावलंस ना?"

"नाय."

"पक्कं?"

"नाय लावलं, आपा."

एकादशीच्या दिवशी मी पाण्याचा थेंब जपून पीत होते, आणि हे सरळ तोंडावर खोटं बोलले.

मग सॅम्पल तळलं. ते ताटलीत ठेवलं. पुढचं वर सांगितलं आहे.

कोफ्ते सालनात सोडले, मंद आचेवर ठेवले, डाव घातला नाही, पातेलं नुसतं कडांना धरून हलवलं. जे करायचं ते सगळं व्यवस्थित केलं. एकही फुटला नाही. साडेपाचला रिक्षात डबा ठेवला. ताटलीतलं सॅम्पल मी झाकून फ्रिजमधे टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नाहिदा आली. हातात आमचाच डबा होता. बँकेत जायच्या कपड्यात होती. मी परात घासत होते. आपा खाटेवर बसल्या होत्या.

"बस बेटा," आपा म्हणाल्या.

"बसत नाही. उशीर झालाय." तिनं डबा ओट्यावर ठेवला. "बाकीच्यांना आवडले. सगळ्यांनी तारीफ केली."

"आणि मास्तर?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "अब्बांनी खजूर पाण्यात भिजवून घेतली. मग कोफ्ता घेतला. जिभेनं दाबला. मग चावायला लागले. हिरड्यांनी. खूप वेळ. मी मुद्दाम मोठ्यानं बोलत राहिले, पंख्याचं, बँकेचं, काहीही. पण मग सगळेच गप्प झाले. सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. अब्बांच्या हनुवटीवरून सालन सांडलं. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, उठले, खोलीत गेले आणि आतून कडी लावली."

तिनं गुंडाळलेलं ओढणीचं टोक सोडलं.

"सकाळी मी दार वाजवलं. म्हणाले, नाहिदा, आता कुणाला बोलवू नकोस. एवढंच."

आपा म्हणाल्या, "चूक माझी आहे, बेटा. हात आता चालत नाही माझा. माझ्याकडून पीठ जास्त पडलं."

मी परात घासत राहिले. परात कधीच स्वच्छ झाली होती.

"तुमच्यावर राग नाही, आपा," नाहिदा म्हणाली. "मी तुम्हाला बोल लावायला आले नाही. डबा परत द्यायचा होता."

ती गेल्यावर मी फ्रिज उघडला आणि सॅम्पल काढलं. माझी द्वादशी होती. सकाळपासून उपास सोडला नव्हता, कामाच्या गडबडीत राहिला होता. मी तिथंच उभी राहून तो कोफ्ता तोंडात घातला आणि त्याच्यावर उपास सोडला. माझे दात अजून बरे आहेत. त्या दातांनासुद्धा तो रबरासारखा लागला.

"कसा आहे?" आपांनी विचारलं.

"पत्थर हाय."

"हौ."

"आपा, मी खिमा धुतला होता."

"मला माहीत आहे," आपा म्हणाल्या. "मोरीत गुलाबी पाणी साचलं होतं. मी अजून आंधळी झाले नाही."

माझ्या हातातली ताटली मी खाली ठेवली. "मग बोलल्या का नाय?"

"तू नाही म्हणालीस. दोनदा. मी म्हटलं, सॅम्पल खाईल, तिचं तिलाच कळेल. मग तू सॅम्पल खाल्लं नाहीस. तेव्हा मला आठवलं, एकादशी; गरगरण्यात डोक्यातून गेली होती."

"मंग सांगायचं की, खा म्हणून."

"तुझा उपास मोड म्हणून मी कसं सांगू? कोणत्या तोंडानं? तू तरी मला सांगितलंस का, आपा, तुम्हाला डॉक्टरांनी परवानगी दिलीय, तुम्ही खा?"

मी ते सांगितलं नव्हतं. दुपारी बाराला रोजा सोडा म्हणणं सोपं होतं. साडेतीनला, समोर ताटली असताना, तोंड उघडलं नाही. दोघींनी एकमेकींचा उपास राखला आणि मास्तरांचा घास गेला.

"माझं नाव का नाय घेतलं तिच्यासमोर?" मी विचारलं.

"ऑर्डर माझ्या नावानं होती," आपा म्हणाल्या. "आता रडगाणं नक्को. मटण आण. तुकडे आण."

मी शहागंजात स्वतः गेले आणि रानाचं, म्हणजे मांडीचं, मटण समोर कापून घेतलं. धुतलं, निथळलं. घरच्या मशीनवर एकटीनं खिमा काढला, खांदा भरून आला. चरबी मापानं. पीठ नुसतं चिमटीभर, आणि पावाचा मधला भाग दुधात भिजवून, पिळून घातला. त्यानं कोफ्ता जास्त हळवा होतो, वळायला अवघड जातो, पण तोंडात विरघळतो. हाताला तेल लावून हलकेच आठ वळले. एक तळला, गार केला, अर्धा खाल्ला. उरलेला जिभेनं मोडून बघितला, दात न लावता. मोडला.

सात कोफ्ते सालनात शिजवून, डब्यात घालून मी मास्तरांच्या घरी गेले. नाहिदा बँकेत होती. कामवालीनं मला आत घेतलं. मास्तरांच्या खोलीचं दार बंद होतं.

"मास्तर, मी नूरआपांकडची कौसाबाई. कोफ्ते आणलेत. आज मऊ हायेत."

मग खाट करकरली. त्यांचा आवाज ऑपरेशननंतर घासल्यासारखा झाला होता, एकेक शब्द तोडून यायचा.

"ठेवून जा, बाई."

"काल चूक माझी झाली. आपांची नाय. मी खिमा धुतला."

"बाई," ते म्हणाले, "कोफ्त्याचा राग नाही मला. एकदा बसून बघायचं होतं. बसून बघितलं."

"परत बोलवा की सगळ्यांना. मी येऊन इथं वळते. तुमच्यासमोर."

"नको."

मी डबा दाराशी ठेवला. जिना उतरून खाली आले, तरी वर कडी काढल्याचा आवाज आला नाही. मी रस्त्यावर थोडा वेळ थांबले. मग रिक्षा मिळाली.

संध्याकाळी नाहिदाचा फोन आला. अब्बांनी दोन खाल्ले, मऊ आहेत म्हणाले. दार लावूनच खाल्ले. नंतर ती दर जुम्म्याला त्यांच्यासाठी आठ कोफ्ते न्यायची. एकट्याचे. सोबत्यांना त्यांनी परत बोलावलं नाही. सोबतीही आले नाहीत, त्यांनाही अवघड वाटलं असेल. बकरी ईदच्या आधी मास्तर गेले. गळ्याच्या आजारानं गेले, कोफ्त्यानं नाही, हे मला कळतं. पण शेवटचं चार माणसांत बसून खाल्लं ते माझ्या हातचं होतं, आणि ते त्यांना गिळता आलं नाही, हेही मला कळतं.

कोफ्ते मऊ कसे करायचे, म्हणून लोक मला विचारतात. त्यांना वाटतं मसाल्यात काही गुपित आहे. काही नाही. तुकडा धुवा, खिमा धुवू नका. चरबी टाकून देऊ नका. पीठ मुठीनं मोजा आणि मुठीवरच थांबा. मळू नका. उकळत्या सालनात सोडू नका, नुसत्या वाफाळत्या सालनात सोडा. आणि एक तळून, गार करून, कुणीतरी खा. हे शेवटचं सगळ्यांना किरकोळ वाटतं. माझं बाकी सगळं बिघडलं होतं तरी त्या एकानं सगळं सावरलं असतं. दोन तास हातात होते, मटणाचं दुकान दोन मिनिटांवर होतं.

या वर्षी रमजानमधे पुन्हा एकादशी आली. आपा आता फार वेळ उभ्या राहू शकत नाहीत, ओट्यापाशी स्टुलावर बसतात. रोजे धरतातच. मी सॅम्पल तळलं, ताटलीत ठेवलं. दहा मिनिटं ते गार होऊ दिलं. मग आपांनी हात पुढं केला. साखरेनं सुजलेला हात. बोटं ताटलीपर्यंत आली.

मी ताटली ओढून घेतली आणि कोफ्ता तोंडात टाकला.

"कौसा! तुझी एकादशी!"

"चावू द्या," मी म्हटलं.

आपा माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. मी आधी तो जिभेनं मोडून बघितला. मग नीट चावला. गिळला.

"कसा आहे?"

"मऊ हाय," मी म्हटलं. "मास्तरांना चालला असता."

आपांनी मान हलवली आणि परात माझ्याकडं सरकवली.